बैठकीच्या खोलीत बोलू नका

१

सकाळी नऊ वाजता इन्साफ चष्मा पुसायची, वही उघडायची आणि घाबरायला बसायची. तिचे कामच ते होते.

अम्मानच्या लुवैबदे टेकडीवर एका जुन्या दगडी घराच्या वरच्या मजल्यावर रकानचे कार्यालय होते. माणसे चार. दोन वर्षे खपून त्यांनी लॅपटॉपवर खेळायचा एक खेळ केला होता, 'चाळिसावा दिवस'. भूत त्यात एकही नव्हते. आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी मुलगा तिच्या बंद घरात येतो, अकरा खोल्या फिरतो आणि फिरता फिरता त्याचे डोके ठिकाणावर राहत नाही, एवढीच गोष्ट. पण खेळणाऱ्याला घाम फुटे. म्हणून परदेशातल्या विक्रेत्याने अट घातली होती की खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर इशारे हवेत. कुठे रक्त आहे, कुठे कोंडल्यासारखे होते, कुठे अचानक आवाज होतो, कुठे लहान मुलाच्या मरणाचा उल्लेख आहे. ज्याला सोसणार नाही त्याने ती जागा टाळावी.

ते इशारे इन्साफ लिहीत होती. वहीत चार रकाने पाडलेले होते: खोली कोणती, मिनिट कितवे, काय दिसते, कसे टाळावे. वय एक्केचाळीस, आवाज करडा. तिचा नियम साधा होता. डोळ्यांनी पाहिले नाही ते लिहायचे नाही, आणि पाहिले ते गाळायचे नाही.

रविवारपर्यंत आठ इशारे झाले होते. गुरुवारी खेळ बाजारात जायचा होता. ती शेवटची फेरी मारत होती.

सातवी खोली बैठकीची. भिंतीलगत गाद्या, मध्ये तबक, तबकात उपडे घातलेले फिंजान. कॉफीच्या त्या बिनकानाच्या कपांखेरीज खोलीत काही नव्हते. आठ वेळा ती या खोलीतून गेली होती आणि आठही वेळा वहीत काही लिहावे लागले नव्हते.

नवव्या वेळी गादीवर एक माणूस बसला होता.

पाठ इकडे, तोंड भिंतीकडे. अंगावर तपकिरी अंगरखा. त्याच्या बाजूला जमिनीवर एक फिंजान सुलटा ठेवलेला आणि त्यात घोटभर कॉफी. ती त्याने प्यायली नव्हती.

त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पाहुणा कॉफी न पिता समोर ठेवतो तेव्हा त्याला काहीतरी मागायचे असते. यजमानाने म्हणायचे, 'कॉफी घ्या, जे मागाल ते दिलं.' मग पाहुणा पितो आणि मग मागतो. शब्द आधी जातो, मागणी मागून येते. ज्याची जीभ इथे अडखळते त्याच्या घराकडे लोक पाठ फिरवतात.

इन्साफच्या ओठांवर ते वाक्य आपसूक आले होते. तिने ते गिळले. पडद्यावरच्या चित्राशी काय बोलायचे?

तिने लिहिले: खोली सातवी, मिनिट एकेचाळिसावे, पाठमोरा माणूस, कॉफी न प्यायलेली. 'कसे टाळावे' हा रकाना कोरा राहिला.

२

"बसलेला माणूस?" रकान म्हणाला. कंपनी त्याची, वय तिशीचे. "ताई, आम्ही बसलेला माणूस बनवलाच नाही. बसवला की त्याचे गुडघे बिघडतात. म्हणून तर आठवणींतही आई सगळा खेळभर झोपलेली आहे."

"मी पाहिलं."

"सावली असेल."

"सावली कॉफी घेऊन बसत नाही."

पलीकडे आवाजाचे काम करणारा जिर्यिस कानावरचे यंत्र मागे सारून हसला. "बाईसाहेब, लग्न झाल्यापासून मलाही घरभर माणसं बसलेली दिसतात. माझ्या सासरची."

"तुझ्या सासरचे कॉफी टाकून उठत नाहीत. तळापर्यंत पितात."

सगळे हसले. मग रकानने स्वतः खेळ लावला. एकेचाळिसाव्या मिनिटाला बैठकीची खोली आली. गाद्या, तबक, उपडे फिंजान. माणूस नाही. जिर्यिसने खेळून पाहिले. नाही.

इन्साफ बसली. माणूस होता. तिने त्यांना हाका मारल्या, ते तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि खोली रिकामी झाली. माणूस उठला नाही की गेला नाही. माणूस असलेल्या चित्राचे रिकामे चित्र कधी झाले ते तिला पकडता आले नाही.

ती स्वतःशी हिशोबाने विचार करू लागली. डोळे तपासून दोन महिने झाले होते. झोप नीट होत होती. दिवसाला तीन कॉफ्या, त्याही वीस वर्षांपासून. उरली थट्टा. जिर्यिस थट्टेखोर होता, पण आळशी होता. एवढी मेहनत तो थट्टेसाठी करणार नाही.

"ताई, तो इशारा खोडा," रकान म्हणाला. "नाही ते लिहिलं तर लोक हसतील."

"घरी नेऊन खेळते. तिथे दिसला तर इशारा जाईल."

"आणि नाही दिसला तर?"

"तर मी खोडीन आणि डोळे दाखवायला जाईन. दोन्ही करीन."

३

सोमवारी दुपारी चार वाजता लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून ती नझ्झाल टेकडीचा लांबलचक जिना चढली. जिना गल्लीचाच होता, बहात्तर पायऱ्यांचा, निळ्या कठड्याचा. कठडा मधेच तुटलेला. घराच्या दारात खालच्या मजल्यावरची उम्म नायेफ पाला निवडत बसली होती.

"आलीस? आज कार्यालयात किती वेळा किंचाळलीस?"

"एकदाही नाही, मावशी."

"मग पगार कापतील. अगं, भुतं बघण्यापेक्षा एखादा नवरा बघितला असतास. तुझ्यासाठी कॉफी थंड करणारा अजून जन्मायचाय म्हणा."

"जन्मला असेल तर आईजवळच राहू दे त्याला," इन्साफ म्हणाली आणि वर गेली.

घरात ती आणि तिचे वडील, दोघेच. हाजी ध्याब, वय एकोणऐंशी. वाळवंटातल्या पोलिसात हवालदार होते. शाळा दुसरीपर्यंत. पण करकपासून मआनपर्यंत कुठे भांडण मिटवायचे असले, कुणाच्या मुलीला मागणी घालायची असली, की लोक त्यांना पुढे बसवत. दोनशेवर घरांत त्यांनी फिंजान जमिनीवर ठेवला होता आणि एकाही घरातून ते रिकाम्या हाताने उठले नव्हते. स्वतःच्या घरी दिलेला शब्दही त्यांनी कधी फिरवला नव्हता. शब्दापायी त्यांची एक जमीन गेली होती. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

त्यांना हे खेळ पोरकट वाटत. तरीही ते शेजारी बसले, कारण ऊन त्याच खिडकीत होते.

एकेचाळिसावे मिनिट आले. गादीवर तीन माणसे बसली होती. तिघेही पाठमोरे. तीन फिंजान, तिन्ही न प्यायलेले.

"हे कोण?" हाजी ध्याब म्हणाले.

इन्साफच्या छातीवरचा धोंडा उतरला. "बाबा, तुम्हाला दिसतात?"

"मी आंधळा आहे का? किती वेळ बसलीत ही माणसं?"

"कालपासून."

"कालपासून! आणि घरातलं कुणी विचारत नाही?" त्यांची मान लाजेने खाली गेली, जणू घर त्यांचेच होते. "कॉफी घ्या, पाहुणेहो. जे मागायला आलात ते दिलं."

तिने हात पुढे केला, पण तोंडावर हात ठेवायला वडील काही लहान मूल नव्हते.

पडद्यावर तीन उजवे हात खाली आले. सावकाश. तीन फिंजान उचलले गेले आणि भिंतीकडच्या तोंडांशी गेले. मग तिघांनी आपापला फिंजान डावी-उजवीकडे हलवला. पुरे, आणखी नको. आणि खाली ठेवला.

टक्. टक्. टक्.

लॅपटॉपचा आवाज इन्साफने बंद ठेवला होता. रस्त्यात कुणाला त्रास नको म्हणून कार्यालयातून निघतानाच बंद केला होता.

मग हाजी ध्याब यांनी घरावर नजर फिरवली. दोन खोल्या. एक जुना गालिचा. पितळी भांडी. भिंतीवर त्यांचा पोलिसातला फोटो. या घरातून कुणी काय मागावे? त्यांची नजर फिरत फिरत इन्साफवर आली, थांबली, आणि त्यांनी ती खाली वळवली.

तिलाही कळले. कॉफी न पिता तीन माणसे बसतात ती काही गालिचा मागायला बसत नाहीत.

४

मंगळवारी बैठकीची खोली रिकामी होती. फिंजान उपडे. फक्त गाद्या दबलेल्या होत्या. तीन नव्हे, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

इन्साफ घाबरली, पण वही मिटली नाही. माणसे खोलीत नाहीत म्हणजे कुठेतरी आहेत. तिने पहिल्या खोलीपासून शोधायला सुरुवात केली. चौथ्या खोलीच्या दारातून एका अंगरख्याची किनार बाहेर जाताना दिसली. तिने लिहिले: खोली चौथी, मिनिट सतरावे. दुपारी ती किनार पहिल्या खोलीत दिसली. संध्याकाळी अंगणात. पुढे पुढे चालणाऱ्या पाठी, एकामागे एक. घरातल्या मुलाला अंगणात जाताच येत नव्हते, खेळात तशी सोयच नव्हती. तरी ती पडद्यावरच्या खिडकीतून पाहत राहिली आणि मिनिटे लिहीत राहिली.

बुधवारी सकाळी खिडकीबाहेर अंगण नव्हते. जिना होता. निळा कठडा, मधेच तुटलेला. पाठमोरी माणसे जिना चढत होती.

"जिर्यिस, खेळात बाहेरचा जिना कुणी काढला?"

"कसला जिना? खिडकीबाहेर नुसतं अंगण आहे."

"तू कधी नझ्झालला आलायस? माझ्या घरी?"

"बोलावलंत कधी?" तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्याने हसणे आवरले. "नाही, बाईसाहेब. देवाशपथ, कधी नाही."

इन्साफ रकानसमोर जाऊन उभी राहिली. "सातवी खोली काढून टाक."

"ती ओलांडल्याशिवाय आठवी उघडत नाही. आता काढली तर खेळच मोडेल. उद्या बाजारात जायचाय."

"मग नववा इशारा घाल."

"न दिसणाऱ्या माणसाचा?"

"मला दिसला. माझ्या बापाला दिसला. अजून कुणाला दिसेल ते तुला काय माहीत? हा खेळ कुठे कुठे विकला जाणार? इर्बिदला, कुवेतला, बगदादला. घराघरांत म्हातारे बसलेत. कॉफी समोर ठेवलेली बघून त्यांच्यातला एक तरी गप्प बसेल?"

तिने वही त्याच्यापुढे टाकली. चार दिवसांच्या ओळी, खोल्या, मिनिटे, नीट अक्षरात. सातवी, चौथी, पहिली, अंगण, जिना. त्याने बोटाने ओळ धरून वाचले आणि शेवटाला आल्यावर बोट उचलले.

"यादीखाली माझं नाव जाणार आहे," इन्साफ म्हणाली. "नववा इशारा नसेल तर नाव काढ. आणि का काढलं ते मी विक्रेत्याला कळवीन."

"ताई, ही धमकी झाली."

"हो."

त्याने यादी उघडली. "सांगा. काय लिहू?"

तिने सांगितले: "बैठकीच्या खोलीत कुणी बसलेलं दिसलं तर बोलू नका. त्यांना कॉफी घ्या म्हणू नका."

५

गुरुवारी तिसऱ्या प्रहरी ती घरी आली तेव्हा हाजी ध्याब यांनी अंघोळ करून ठेवणीतला अंगरखा घातला होता. डोक्यावर शुभ्र कापड, त्यावर काळे दुहेरी वळे. चुलीवर कॉफी उकळत होती.

"बाबा, हे काय?"

"पाहुणे येतात म्हणालीस ना. जिना चढताना पाहिलेस."

"आणि आल्यावर काय द्याल त्यांना?"

त्यांनी चुलीवरची कॉफी ढवळली.

"मला विचारलंत?"

"विचारायला हवं होतं."

"मग?"

"शब्द गेला, पोरी. माझ्या शब्दावर खून मिटलेत. तो मी कुठल्या तोंडाने परत मागू?"

"शब्द तुमचा होता. मी तुमची वस्तू नव्हे," इन्साफ म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तिने बाहेरच्या दाराला आतून कडी घातली, खुर्ची ओढली आणि दाराला पाठ लावून बसली. "मी दार उघडणार नाही. तुम्हाला उघडायचं असेल तर मला उचलून बाजूला करा."

ते तिच्याकडे पाहत उभे राहिले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस. मनात आणले असते तर अजूनही उचलले असते.

बाहेर जिन्यावर काही आवाज नव्हता. पोरे खाली चेंडू खेळत होती. गॅसची गाडी तिची धून वाजवत गल्लीच्या तोंडाशी गेली. चार वाजले.

टक्.

आवाज दाराबाहेरून आला नाही. आतल्या खोलीतून आला. तिच्या खोलीतून.

टक्. टक्. टक्. फिंजान ठेवल्याचा, एकापुढे एक, भिंतीच्या कडेने आल्यासारखा.

इन्साफ उठली. बघितल्याशिवाय राहणे तिच्या रक्तात नव्हते. आतल्या खोलीचे दार वीतभर उघडे होते. त्या वीतभरातून तिने पाहिले.

भिंतीलगत माणसे बसली होती. तपकिरी अंगरखे, खांद्याला खांदा. सगळ्यांची तोंडे भिंतीकडे. खिडकीतले ऊन त्यांच्या पाठींवर पडत होते, पण कापड तापल्यासारखे दिसत नव्हते. ओळीत फक्त एक जागा मोकळी होती, एका माणसापुरती. तिथे तिची उशी मांडून ठेवली होती.

वडिलांचा हात तिच्या खांद्यावर पडला आणि त्यांनी तिला मागे ओढले. मग ते त्या वीतभर फटीपुढे उभे राहिले. त्यांनीही उशी पाहिली.

"मी ध्याब, अवादचा मुलगा," ते म्हणाले. आवाज चिरकला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "मी ध्याब. सोमवारी दिलेला शब्द मी मागे घेतो. माझ्या घरी तुमच्यासाठी कॉफी नाही. जागा नाही. पोरगी नाही. माझी अब्रू हवी तर घेऊन जा, ती माझी आहे. ती दिली."

त्यांनी चुलीवरचे पितळी भांडे उचलले आणि उंबरठ्यावर उपडे केले. कॉफी सळसळत दाराखालून आत गेली.

आत हालचाल झाली. पुष्कळ माणसे एकदम उठतात तसा कापडाचा आवाज.

"डोळे मीट," वडील म्हणाले.

तिने मिटले नाहीत. पण वडिलांनी आपला अंगरखा तिच्या डोक्यावरून ओढला आणि तिला दिसले ते फक्त त्याचे विणकाम. शेजारून काहीतरी जात राहिले. गार. एकामागून एक. तिने मोजायला सुरुवात केली, सवयच ती. एकतीसपर्यंत मोजले आणि आकडा हरवला.

मग खालून उम्म नायेफची हाक आली. "हाजी! अहो हाजी! एवढी माणसं? कुणी गेलं का हो?"

"कुणी नाही," हाजी ध्याब ओरडून म्हणाले. "पाहुणे होते. गेले."

बाहेरच्या दाराची कडी आतून तशीच लावलेली होती.

त्यांनी डोक्यावरचे काळे वळे काढले, दोन्ही हातांत धरून पाहिले आणि कपाटात ठेवले. ते पुन्हा घातले नाही. पुढच्या आठवड्यात करकहून दोन जण तंटा मिटवायला बोलावायला आले, त्यांना त्यांनी दारातूनच सांगितले, "दुसरा कुणी बघा. माझ्याकडे आता शब्द नाही." ते हसत नव्हते आणि रडतही नव्हते. उन्हात बसत, एवढेच.

६

खेळ बाजारात गेला. नववा इशारा पडद्यावर होता. लोकांनी त्याची मजा घेतली; रकान म्हणाला, तोच सगळ्यांना आवडलाय. इन्साफने ऐकून घेतले. यादीखाली स्वतःच्या नावापुढे तिने आपला फोन क्रमांक घालायला लावला होता. त्यावर रकान कुरकुरला होता, पण घातला.

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, फोन वाजला.

"इन्साफ आपणच का?" मुलीचा आवाज होता. "मी रनीम. मफ्रकहून बोलतेय. तुमचा तो नववा इशारा..."

"वाचला नव्हतास?"

"मी वाचला होता हो. मी गप्पच होते. आजोबा शेजारी बसले होते. त्यांना वाचता येत नाही."

इन्साफने वही उघडली. इशारे तिने खेळणाऱ्यासाठी लिहिले होते. शेजारी बसणाऱ्यासाठी कुणी लिहिले?

"ते काय बोलले?"

"जे बोलतात तेच. कॉफी घ्या, मागाल ते दिलं."

"घरात लग्नाची मुलगी कोण?"

"मीच."

"पाहुणे कुठवर आलेत?"

"काल अंगणात होते. आज आमची गल्ली दिसतेय. ताई, आमचं दुकान दिसतंय त्यात, पाटीसकट." मुलीचा आवाज फुटू लागला. "मी आजोबांना म्हटलं, म्हणा नाही म्हणून. ते म्हणतात शब्द दिला. त्यांनी धुतलेला सदरा मागितलाय."

"रडू नको. मी निघते. पत्ता सांग," इन्साफ म्हणाली आणि पेन शोधू लागली. मफ्रक दीड तास. कदाचित जास्त. तिथे जाऊनही तिचे ऐकणार कोण? ती त्या म्हाताऱ्याची कुणी नव्हती.

खिडकीपाशी बसलेले हाजी ध्याब उठले. सावकाश तिच्यापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"आजोबांना फोन द्यायला सांग," ते म्हणाले.

"बाबा, त्यांना सांगाल तर मफ्रकभर होईल."

"होऊ दे."

तिने फोन दिला. पलीकडे सरकासरक झाली, मग एक जाड, जुना आवाज आला. कोण बोलतंय, असे त्याने विचारले. तिला तो फोनमधून स्पष्ट ऐकू येत होता.

"ध्याब. करकचा. अवादचा मुलगा."

आवाज लगेच नरमला. "हाजी ध्याब? देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो! तुमचं नाव कुणी ऐकलं नाही? तुमच्यासारखा शब्दाचा माणूस..."

"ते जुनं झालं," हाजी ध्याब म्हणाले. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "मी माझ्या घरात, आलेल्या पाहुण्यांच्या तोंडावर, माझा शब्द मोडलाय. तो कसा मोडायचा ते सांगतो. नीट ऐका. आधी उभे राहा."